बागेसाठी गंज निवडताना

सोसायटीच्या बागेसाठी गंजलेल्या लोखंडाची शिल्पं निवडायचं काम माझ्यावर आलं, तेव्हा मला आधी वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय.

"गंजलेलं नाही गं, वेदरिंग स्टील म्हणतात त्याला," सेक्रेटरी म्हणाली. "मुद्दाम गंजू देतात. वरचा गंज आतल्या पोलादाला सांभाळतो. रंग नको, पॉलिश नको. परदेशात पूलसुद्धा बांधतात त्याचे."

"म्हणजे गंज लागू नये म्हणून गंज लावायचा?"

"तसंच काहीतरी. तू ये बाई बरोबर. तू आता घरीच असतेस, तुला वाचनाबिचनाची आवड आहे. मला एकटीला त्यातलं कळत नाही."

मलाही कळत नव्हतं. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन मला सहा महिने झाले होते. वाचनाची आवड असलेल्या माणसाला लोखंडातलं कळतं, हे तिने कशावरून ठरवलं कोण जाणे. पण मी हो म्हटलं. तिला नाही म्हणणं मला कधीच जमलेलं नाही आणि त्याचं कारण जुनं आहे.

आमची सेक्रेटरी म्हणजे माझी लहानपणची मैत्रीण. डिलाईल रोडवरच्या चाळीत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तिसरं दार तिचं, पाचवं आमचं. आता ती चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिलाय. ती सातव्या मजल्यावर राहते, आम्ही अकराव्या. आम्ही म्हणजे मी आणि माझे बाबा. आई जाऊन नऊ वर्षं झाली. चाळीतलं लहानपण आणि टॉवर यांच्या मधली जी पंचवीसेक वर्षं होती, त्यात ती आणि मी एकमेकींशी बोललो नाही. बिल्डरबरोबर मीटिंगा सुरू झाल्या तेव्हा पुन्हा बोलायला लागलो. कागदपत्रं, पाण्याची वेळ, लिफ्टचं मेन्टेनन्स. एक गोष्ट सोडून सगळ्यावर बोलायचो.

ती गोष्ट सांगायची तर गिरण्यांच्या संपापर्यंत मागे जावं लागेल.

माझे बाबा गिरणीत साचेखात्यात फिटर होते. साचे म्हणजे कापड विणायचे माग. अशा साच्यांच्या दोन रांगा त्यांच्याकडे होत्या. बिघडलं की दुरुस्त करायचं आणि बिघडू नये म्हणून आधीच बघत राहायचं. मैत्रिणीचे वडील त्याच खात्यात जॉबर, म्हणजे बाबांच्या वरचे. बाबा मालवणहून सतराव्या वर्षी आले तेव्हा त्यांनीच हाताला धरून खात्यात लावलं होतं. मी त्यांना काका म्हणायचे. बाबांचा एकच धर्म होता, गंज दिसता कामा नये. घरातली विळी, दाराच्या बिजागऱ्या, माझ्या कंपासपेटीतला कर्कटकसुद्धा ते खोबरेल तेलाच्या बोटाने पुसून ठेवायचे. कर्कटकाचं तेल वहीला लागायचं आणि बाई मला ओरडायच्या.

संप सुरू झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पहिले काही महिने चाळीत सण असल्यासारखं वातावरण होतं. दिवसा कधी न दिसणारे बाप घरी होते, गॅलरीत पत्ते चालायचे, मोर्चे निघायचे. काका आमच्या मजल्याचे पुढारी. संप लांबला तसे पत्ते बंद झाले. अर्धी बिऱ्हाडं गावी गेली. आई रेडिमेड कपड्यांना काज-बटणं करायला लागली. आमच्या खोलीभर दोरे आणि कापलेल्या धाग्यांचा कचरा असायचा. बाबा दिवसभर बाहेर काहीतरी काम बघायचे. गुरुवारी दुपारी ते कॉटन ग्रीनला एका गोदामात ओळखीच्या माणसाकडे जातात, असं आम्हाला माहीत होतं.

संपाला वर्ष होऊन गेलं होतं. एका गुरुवारी संध्याकाळी बाबांचा शर्ट आईने धुवायला काढला. मी तो उचलला तर त्याला वास येत होता. तो वास मला झोपेतही ओळखता आला असता. साच्याच्या तेलाचा, कापसाच्या धुळीचा आणि घामाचा मिळून तो एक वास होता, आणि वर्षभर तो आमच्या घरातून नाहीसा झाला होता. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी मैत्रिणीला म्हटलं, "माझ्या बाबांच्या शर्टाला गिरणीचा वास येतो. परत यायला लागला."

एवढंच. मला वाटलं, गिरणी सुरू होणार याची ती खूण आहे.

पुढच्या गुरुवारी गिरणीच्या मागच्या दरवाजाशी माणसं उभी राहिली आणि बाबांना बाहेर पडताना त्यांनी बघितलं. संध्याकाळी काका आमच्या दारात आले. आत आले नाहीत. चौकटीला हात लावून उभे राहिले.

"आत गेला होतास?"

"होय."

"किती वेळा?"

"सात-आठ वेळा."

"का?"

बाबा काही बोलले नाहीत. आईने हातातली सुई खाली ठेवली. काका वाट बघत राहिले. मला आठवतं, ते बराच वेळ वाट बघत राहिले. मग त्यांनी गॅलरीकडे वळून मोठ्याने सांगितलं, "हा फुटला. आजपासून ह्याच्याशी माझा संबंध नाही." गॅलरीत माणसं उभी होतीच.

मारहाण झाली नाही. काकांमुळे झाली नाही, असं आई पुढे म्हणायची. पण नळावर आमची कळशी मागे सरकवली जायची. हळदीकुंकवाला आईला बोलावणं येईना. मैत्रीण शाळेत दुसऱ्या बाकावर बसायला लागली. मी कोणाला काय बोलले होते, हे मी आईलाही सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच.

संप कधी संपला, हे आमच्याकडे कोणालाच नीट सांगता येत नाही. गिरणी थोडी सुरू झाली, पुन्हा बंद पडली. जे आधी आत गेले होते त्यांना घेतलं, असं ऐकलं. बाबांना घेतलं नाही. बाबा जर खरंच फुटलेले असते तर त्यांना आधी घेतलं असतं, हा सरळ हिशेब कोणीच केला नाही. मीसुद्धा केला नाही. मोठेपणी मला तो सुचला तेव्हा मी बाबांना विचारलं, "मग तुम्ही आत कशाला जात होता?" ते म्हणाले, "जाव दे गो." त्यांनी पुढे दुकानांच्या शटरांची दुरुस्ती केली. गिरगावपासून दादरपर्यंत शटर अडकलं की त्यांना बोलावणं यायचं. काका आणि बाबा एकाच गॅलरीत वीस वर्षं एकमेकांना बाजूला होऊन वाट देत राहिले. काका चाळ पडायच्या आधीच गेले. बाबा स्मशानात गेले होते, पण लांब उभे राहिले.

तर अशी ही मैत्रीण आता सेक्रेटरी होती, आणि आम्ही दोघी बागेसाठी गंज निवडायला निघालो होतो.

बागेचं काम बिल्डरने करून द्यायचं होतं. त्यांचा बाग आखणारा एक माणूस होता. त्याने कागदावर हिरवळ काढली आणि तीन ठिकाणी फुल्या मारल्या. म्हणाला, "थीम आहे, गिरणगावची आठवण. तीन स्कल्प्चर. रॉ, इंडस्ट्रियल." त्यानेच एका शिल्पकार बाईंचा पत्ता दिला. कॉटन ग्रीनला जुन्या गोदामात त्यांचं काम चालायचं.

निघायच्या दिवशी बाबा कपडे घालून तयार बसले होते. ऐंशीच्या घरातला माणूस, एका कानाने कमी ऐकू येतं, गुडघे धरतात.

"बाबा, तुम्ही कुठे?"

"तुमच्यावांगडा. लोखंड बघूचा आसा ना? तुमका दोघींक काय कळता त्यातला?"

मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं. बाबा आणि ती एका टॅक्सीत कधी बसले नव्हते. "येऊ दे की," ती म्हणाली. "काका, पुढे बसा, पाय मोकळे राहतील."

तिने त्यांना काका म्हटलं, याचंच मला टॅक्सीभर नवल वाटत राहिलं.

गोदामाच्या मागे उघडं अंगण होतं आणि त्यात ती शिल्पं उभी होती. आठ-नऊ असतील. लांबून बघितलं तर भंगारवाल्याचं आवार. जवळ गेलं की रंग वेगवेगळे दिसायला लागायचे. कुठे विटकरी, कुठे नारिंगी, कुठे जांभळट काळा. बाई पन्नाशीच्या होत्या, आखूड केसांच्या, हातात जाड मोजे. खोताच्या वाडीत जन्म गेलेला, त्यामुळे मराठी अगदी गिरगावातलं.

"हात लावा, काही होत नाही," त्या म्हणाल्या. "जी जुनी आहेत ती हाताला लागणार नाहीत. नवीन आहेत ती लागतील."

मी एका नारिंगी तुकड्यावर बोट फिरवलं. बोट नारिंगी झालं. जांभळ्यावर फिरवलं, तर खरंच काही लागलं नाही.

"ऊन-पाऊस, ऊन-पाऊस असं दोन-तीन वर्षं खाल्लं की थर घट्ट बसतो," बाई सांगत होत्या. "मग तो पुढचा गंज आत जाऊ देत नाही. फक्त एक आहे, खाली पांढरी फरशी नको. पहिल्या पावसाळ्यात लाल पाणी सुटतं. खाली खडी टाका."

"सुंदर आहे हे?" मी मैत्रिणीला हळूच विचारलं.

"मला काय विचारतेस? तुला वाटतं का?"

मला ठरवता येत नव्हतं. दुमडलेल्या पत्र्यांचं एक उंच काम होतं, वाळत घातलेल्या कापडासारखं. त्याच्यासमोर मी पुन्हा पुन्हा जाऊन उभी राहत होते. पण ते शिल्प चांगलं म्हणून, की माझ्या लहानपणी गिरणी बंद पडल्यावर तिच्या पत्र्याच्या छपराचा असाच रंग झाला होता म्हणून? शाळेच्या वाटेवर मी रोज तो रंग बघायचे. त्या रंगाची तेव्हा मला भीती वाटायची. आता तोच बागेत आणून ठेवायचा, त्याच्यासमोर बाक टाकायचं आणि संध्याकाळी तिथे जाऊन बसायचं, हे डोक्यात बसत नव्हतं. आणि नको म्हणावं, तर त्या कापडावरून नजरही हलत नव्हती.

बाबांनी कोणाला काही विचारलं नाही. ते एकेका शिल्पाभोवती फिरत होते. जोड बघत होते, वेल्डिंगवरून नख फिरवत होते. मग बाईंना म्हणाले, "पाणी आसा काय हयसर? बालदी आणि मग."

बाईंनी बादली आणि मग आणून दिला. बाबांनी मग भरला आणि पहिल्या शिल्पाच्या डोक्यावर ओतला. मग वाकून बघत राहिले.

"अंकल, काय करताय?" बाईंनी विचारलं.

"पाणी खय रवता ता बघतंय. वायच थांबा." ओघळ खाली उतरला, जमिनीवर गेला. "ह्या चलात." ते पुढच्याकडे गेले. "लोखंडाक पाणी मारीत नाय. रवलेला पाणी मारता. आणि ही मुंबय. खारो वारो. तुमचो तो थर हयसर बसतलो की नाय, माका म्हायत नाय."

बाई हसल्या नाहीत. "ते खरं आहे," त्या म्हणाल्या. "समुद्राजवळ तो पूर्ण बसत नाही कधी कधी. मी लपवत नाही ते. म्हणून मी पत्रा जाड घेते."

"किती?"

"सहा एमएम."

बाबांनी मान हलवली. मला वाटतं, त्या क्षणापासून त्या दोघांचं जमलं. आम्ही दोघी निवड करायला आलो होतो आणि बाजूला उभ्या राहून बघत होतो. कापडाच्या शिल्पात दोन घड्यांच्या मध्ये पाणी साचून राहिलं. बाबांनी खिशातल्या खडूने तिथे खूण केली, "हयसर भोक पाड." बाईंनी मोबाईलवर फोटो काढून घेतला. एक मोठं कडं होतं, ते पास झालं. मग एक लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं शिल्प आलं. बाग आखणाऱ्या माणसाच्या यादीत त्याचं नाव होतं, 'धोटा'. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणारा, आडवा धागा नेणारा लाकडी तुकडा. मैत्रिणीला तो हवाच होता, थीमसाठी.

बाबांनी तो निरखला. "हो धोटो नाय."

"यादीत लिहिलंय काका."

"लिवूने. मी तीस वर्सां धोटे बघले. ही होडी आसा."

बाई एकदम मोठ्याने हसल्या. "होडीच होती अंकल! तीन वर्षं पडून होती. त्यांनी मिलचं काहीतरी मागितलं, म्हणून मी नाव बदललं."

बाबांनी होडीत मग ओतला. पाणी अर्थातच राहिलं. "होडयेत पाणी रवतलाच. पालथी घाल. पावसात होडये पालथेच घालतत."

दोन माणसांनी साखळी लावून ती पालथी घातली. पालथी घातल्यावर ती ना होडी दिसत होती ना धोटा. एखादं मोठं जनावर गुडघ्यात मान घालून झोपलंय, तशी दिसत होती. बाई चार पावलं मागे गेल्या आणि म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं."

बाबा दमले होते. बाईंनी त्यांना स्टूल दिलं, चहा मागवला. मैत्रीण त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसली. तिला काहीतरी बोलायचं म्हणून ती बोलली असणार. "काका, तुम्ही आयुष्यभर गंज काढलात. आता हे बघून कसं वाटतं?"

बाबांनी चहाचा घोट घेतला.

"संपात आमचे साचे असेच झाले असते. म्हणान तर मी जाय होतंय."

"कुठे?"

"आत. तेल घालूक."

बाबा अगदी साधेपणाने सांगत होते, जसं कोणी गावच्या पावसाबद्दल सांगेल. मागच्या दरवाजावरचा वॉचमन गाववाला होता. गुरुवारी दुपारी सोडायचा. सगळे साचे वर्षभर, पावसाळ्यातसुद्धा, नुसते उभे. बेअरिंगं धरली असती, मग भट्टीत घालण्याशिवाय उपाय नव्हता. बाबा तेलाची बुधली घेऊन आपल्या दोन रांगा करायचे, हाताने फिरवून बघायचे, पुसायचे आणि यायचे.

"एक वार कापूड नाय विणलंय," ते म्हणाले. "संप मोडूक नाय गेललंय. संप संपल्यावर कामाक लागताना साचे चालूक होये ना? तां कोण बघतलो? मालक बघतलो?"

"मग बाबा," मी विचारलं, "काकांनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेणी माका शिकवलेलो. माझो हात धरून शिकवलेलो. तेणी विचारूचाच कित्याक?"

बाई उठून आत गेल्या. मग मैत्रीण जमिनीकडे बघत म्हणाली, "माझ्या बाबांना माहीत होतं."

आम्ही दोघांनी तिच्याकडे बघितलं.

"तेव्हा नाही. नंतर. दोन-तीन वर्षांनी तो वॉचमन गावी जाताना घरी आला होता. त्याने सांगितलं, की तो फक्त तेल घालायचा. मी तिथेच अभ्यास करत होते. आई म्हणाली, जा, समोर जाऊन बोला. बाबा म्हणाले, गॅलरीत सगळ्यांसमोर बोललोय, आता कुठल्या तोंडाने जाऊ." ती थांबली. "आणि म्हणाले, हे बाहेर बोलायचं नाही. मी नाही बोलले."

"तेका म्हायत होता?" बाबांनी विचारलं.

"हो काका."

बाबा गुडघ्यांवर हात टेकून उठले, पाण्याचा मग उचलला आणि उरलेल्या शिल्पांपैकी एकावर पाणी ओतलं. ते शिल्प यादीत नव्हतंच.

मला काय वाटलं, ते मी अजून नीट लावू शकलेले नाही. काकांचा राग आला. मैत्रिणीचा आला. ती तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेल, पण नंतर? नंतर तर आम्ही पार्किंगवर तासन्‌तास बोललो होतो. बाबांचाही राग आला. एक वाक्य सांगितलं असतं तर आई तशी गेली नसती, कोणाच्या घरी न जाता. आणि या सगळ्यांच्या खाली माझं स्वतःचं वाक्य होतं, शाळेच्या वाटेवरचं. ते कोणालाच माहीत नव्हतं. की मैत्रिणीला आठवत होतं? तिने घरी जाऊन सांगितलं होतं, हे तर नक्की. ती त्यावर काही बोलली नाही. मीही नाही.

परतताना मैत्रीण दादरला काम आहे म्हणून वाटेत उतरली. मला वाटतं, काम नव्हतं. टॅक्सीत आम्ही दोघंच उरलो. मी बाबांच्या चांगल्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "बाबा, तुमच्या शर्टाला तेलाचा वास येतो, हे मीच हिला सांगितलं होतं. त्यावरून त्यांना कळलं."

बाबा समोरच्या काचेतून बघत होते.

"तू ल्हान होतंस," ते म्हणाले.

हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं, की त्याच क्षणी कळलं आणि त्यांनी माफ करून टाकलं? मला विचारायचं धाडस झालं नाही. सिग्नल सुटला.

शिल्पांचं अजून ठरवायचं होतं. कमिटीपुढे फोटो ठेवले. एक गृहस्थ म्हणाले, शनी मागे लागेल, लोखंड कशाला. दुसरे म्हणाले, निदान ऑइल पेंट मारून घ्या. मला विचारलं, तुमचं मत काय. मी म्हटलं, मला माहीत नाही. सगळे हसले. मैत्रीण मात्र ठाम होती. कापड, कडं आणि पालथी होडी. "फिटरने पास केलेली आहेत," ती म्हणाली. बाबांचा असा उल्लेख चार माणसांत तिने पहिल्यांदा केला. यादीतलं 'धोटा' हे नाव तिने स्वतः खोडलं.

त्यानंतर आमचं एकदा भांडण झालं, जिन्यात. मी म्हटलं, "तू सगळ्यांना सांगायला हवंस." ती म्हणाली, "कोणाला सांगू? तेव्हाचे कोण उरलेत? अर्धे गेले, अर्धे फ्लॅट विकून विरार-बदलापूरला गेले. जे आहेत त्यांना संप कशाशी खातात ते माहीत नाही."

"तरी सांग."

"आणि माझ्या बाबांचं काय सांगू? त्यांना माहीत होतं तेही सांगू?"

काकांना आता कोणी नावं ठेवावीत, असं मला खरंच हवं होतं का? बाबा पहिल्यांदा मुंबईत आजारी पडले तेव्हा काकांनी त्यांना पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं होतं. ही गोष्ट बाबांनीच मला कितीदा सांगितली होती, अबोल्याच्या वर्षांतसुद्धा.

शिल्पं आली. क्रेनने उतरवली. कापडाच्या घडीत बाईंनी दोन भोकं पाडली होती. एका रविवारी सकाळी बागेचं उद्घाटन होतं. बाबांना आदल्या दिवसापासून सर्दी होती, ते खाली आले नाहीत. बटाटेवडे होते, माईक होता. बाग आखणारा माणूस बोलला. मग मैत्रिणीने माईक घेतला. हातात कागद होता, पण तिने तो वाचला नाही. ती म्हणाली, "आमच्या चाळीत एक फिटर होते. आता अकराव्या मजल्यावर राहतात. संपात त्यांना आम्ही फुटीर म्हटलं. ते आत साच्यांना तेल घालायला जात होते, गंजू नयेत म्हणून. माझ्या वडिलांना हे नंतर कळलं. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मीपण सांगितलं नाही. चुकलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिल्पाची काही माहिती सांगितली असावी, असंच बहुतेकांना वाटलं असेल. नवीन आलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "म्हणजे हे त्या मिलचं ओरिजिनल लोखंड आहे का?"

मी बाबांना हे दोन दिवस सांगितलं नाही. कसं सांगावं, कळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांचा ताप उतरला, ते गादीवर उठून बसले, तेव्हा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं.

"कोण कोण होते?"

मी नावं घेतली. चाळीतली माणसं त्यांत तीनच होती आणि त्यांतली दोन संपाच्या वेळी पाळण्यात होती. बाबा बोटांवर काहीतरी आठवत होते. मग त्यांनी चाळीच्या पहिल्या मजल्यावरच्या एका साचेवाल्याचं नाव घेतलं. गिरणीच्या मागच्या दरवाजाशी त्या दिवशी उभा असलेला. तो फ्लॅट विकून बदलापूरला मुलाकडे गेला होता.

"तो जिवंत आसा," बाबा म्हणाले. "तेका कोण सांगतलो?"

मी मैत्रिणीकडून नंबर मिळवला. दुपारी लावला. एका बाईने उचलला, सून असावी. मी कोण, कुठून बोलते, ते सांगितलं.

"ते झोपलेत," ती म्हणाली. "उठवू का? काय काम होतं?"

पलीकडे मिक्सर चालू होता, तो थांबला. ती वाट बघत होती.

"काही नाही," मी म्हटलं. "सहज. मी पुन्हा करेन."

अजून केलेला नाही. बाबा दोनदा विचारून झाले.